तीन राख्या आणि चौदा दिवस

कुंभार पिंपळगाव
१४ ऑगस्ट २०२२

दीपाताई,

तृप्तीचा नमस्कार. माह्या हातचं लिवलेलं पाहून तू हसशीन. नववीत शाळा सुटली तवापासून लिवायचं कामच पडलं न्हाई. फोन केला असता, पण घरात फोन एक, तो ह्यांच्याकडं. अन मी बोलाया लागले का सासूबाई शेंगा घेऊन माह्याच शेजारी सोलायला बसत्यात. आत्या बाजाराला आली का ही चिठ्ठी तिच्या पिशवीत मेथीच्या खाली टाकीन. तुही आई हाय, वाचनार न्हाई. तू रविवारी तीर्थपुरीला घरी आली का ती तुला देईन.

गुरुवारी राखी झाली. काकासाहेब आल्ता. तुला अर्धमुर्धं माहीत हाय. लग्नाच्या आधी, एकोणीसची असताना, मी त्याच्या बियाण्याच्या प्लाटावर कापसाच्या क्रॉसिंगला जायची. सांजच्याला कळ्या सोलायच्या, सकाळी त्यांच्यावर नराचं फूल फिरवायचं, देठाला दोरा बांधायचा. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माह्याशी वंगाळ वागला. मी आईला सांगितलं, आईनं बाबाला. मारुतीच्या पारावर चार मानसं बसली. काकासाहेब म्हन्ला, पोरगी मला बहिणीवानी. मंग पंचांनी त्याच्याकून साडी-चोळी देवविली अन ठरवलं का दर साल मी त्याला राखी बांधायची. झालं, मिटलं. सगळे चहा पिऊन उठले.

ही तिसरी राखी. दर साली साडी घेऊन येतो. सासूबाईला वाटतं सुनंचा मानलेला भाऊ लई मोठा मानूस. तिन्ही साड्या त्याच नेसत्यात. त्याच्या मनगटावर एक वण हाय, मी राखी बराबर त्याच्यावरच बांधते, म्हंजे तेवढा वेळ तरी तो दिसत न्हाई.

आता कामाचं सांगते. बाबा आपल्या धाकट्या उमाला औंदा क्रॉसिंगला धाडून राह्यले. त्याच्याच प्लाटावर. मी न्हाई म्हन्ले तर म्हनत्यात, आता तो घरचाच झाला, तूच तर राखी बांधती. उमा पंधरा वर्साची हाय ताई.

तू वकिलीनबाईच्या इथं टायपिंग करती. माहं नाव न येता त्याला उमापासून लांब ठेवता येईन का, तेवढं इचार. माही स्वरा आता धरून धरून चालती. तिला पाहिलं का मला भेव वाटतं, कशाचं ते सांगता येत न्हाई.

तुही तृप्ती


नवीन जालना
२२ ऑगस्ट २०२२

तृप्ती,

मी हसले नाही. तुझी चिठ्ठी मी तीनदा वाचली.

आमच्या वकील गंधाली मॅडमला तुझं नाव न सांगता विचारलं. नाव न येता काही होत नाही म्हणाल्या. तक्रार द्यायची तर तुलाच द्यावी लागंल. त्यांनी जे सांगितलं ते सोपं करून लिवते.

नुसता वाईट बोलला, मागं लागला, नको ते मागितलं, तर ते छोटं कलम. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, अन त्याची तक्रार बी तीन वर्षांच्या आत द्यावी लागती. मुदत गेली का कोर्ट बहुतेक हातच लावत नाही. पण अंगावर जबरदस्ती केली असंल तर ते मोठं कलम. त्याला मुदत नाही. दहा वर्षांनी सांगितलं तरी चालतं.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी, असं तू लिवलं. मी २०१९ चं कॅलेंडर काढलं. १३ सप्टेंबर, शुक्रवार. म्हणजे येत्या १२ सप्टेंबरला तीन वर्षं भरतात. एकवीस दिवस राहिले.

म्हणून खरं काय झालं ते मला लिव. सगळं लिव. मी आईला बी सांगणार नाही. अन मामाला मी फोन केला होता उमासाठी. मामा म्हणाला, जालन्यात राहून तू लई शहाणी झाली.

दीपाताई


कुंभार पिंपळगाव
३ सप्टेंबर २०२२

दीपाताई,

आत्या मधल्या बाजाराला आलीच न्हाई, पाय सुजलाय म्हनं. म्हणून लिवायला उशीर.

तू इचारलं काय झालं. जास्त काही न्हाई झालं. तो बोल्ला. खताच्या खोलीपाशी उभा राहून घाण बोल्ला, मागं लागला. मी पळून आले. एवढंच. मोठं कलम-बिलम काही नको ताई. छोटं हाय ते छोटंच राहू दे. छोट्या गोष्टीचा बोभाटा बी छोटाच होतो.

ह्यांना बी तेवढंच सांगितलं. जेवून राह्यले होते, हात थांबला. म्हन्ले, "अन त्या मानसाला मी मेव्हणा म्हनून टोपी घालतो?" मंग म्हन्ले जाऊ पोलीस ठान्याला. कल्याणराव वाईट न्हाईत, पण आईच्या पुढं त्यांचं तोंड उघडत न्हाई.

सासूबाईला कळलं तवा त्या म्हन्ल्या, "तीन साल राखी बांधली तवा तोंड शिवलं होतं का?"  आमच्या गल्लीत एक सून होती, तिचं असंच काहीतरी निघालं. तिला माहेरी घातलं अन पोरगं ठेवून घेतलं. ती आता एसटी स्टँडवर उभी राहून पोराला शाळंत जाताना पाहती. मला ती रोज दिसती.

उमा जाऊन राह्यली प्लाटावर. पंधरा दिवस झाले. तिला म्हन्ले सांज पडायच्या आत परत ये. ती म्हन्ली, "कळ्या सांजच्यालाच सोलत्यात ताई, तूच तर शिकवलं."

तृप्ती


नवीन जालना
६ सप्टेंबर २०२२

तृप्ती,

शुक्रवारी गणपती उठतात. शनिवारी, दहा तारखेला, मी सकाळच्या गाडीनं येते. आपण दोघी जाऊ. स्वराला कडेवर घे, तिला काही कळत नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक, बाई पोलीस माग. दोन, आत तू एकटी बस. नवरा नको, सासू नको, मी बी नको. घरचं माणूस शेजारी बसलं का बाईच्या तोंडून अर्धंच निघतं, हे मी इथं रोज टाईप करते.

अन जे झालं ते कमी करू नको. तुला वाटतं कमी सांगितलं तर सोपं जाईल. कायद्यात ते उलटं आहे.

दीपाताई


कुंभार पिंपळगाव
२८ सप्टेंबर २०२२

दीपाताई,

तू शनिवारी आलीस अन सासूबाईनं तुला चहा पाजून वाटं लावलं. मी दाराआडून पाहून राह्यले होते. बाहेर आले न्हाई. त्याची लाज वाटती, म्हणून एवढे दिस लिवलं न्हाई.

सासूबाई काय म्हन्ल्या ते तू ऐकलंच. पित्तर बसले. पंधरा दिवस कुठलं नवं काम काढायचं न्हाई, त्यात कोर्टकचेरी तर बिलकुल न्हाई. घरातले मेलेले जेवायला येत्यात अन तुम्ही पोलीस आनता का. हे म्हन्ले, आई, बारा तारखेचं काहीतरी हाय. त्या म्हन्ल्या, "तीन साल थांबली, आता पंधरा दिसानं काय आभाळ कोसळतं? घट बसले का मी सोता संग येते." मला खरं सांगू का, मला बरं वाटलं. वाटलं पंधरा दिस तरी सुटले.

सर्वपित्रीला वडे केले, खीर केली. कावळा लवकर शिवला. सासूबाई म्हन्ल्या, बघ, पित्तर खूश हायेत.

सोमवारी घट बसले. उमा आल्ती माती घेऊन. हातात पिशवी. पिशवीत नवी साडी, घडी मोडलेली न्हाई. मी म्हन्ले कुणाची? म्हन्ली, "माही. काकासाहेबानं दिली. बाबा म्हन्ले पुढच्या साली तू बी राखी बांध." माह्याकडं पाहिलं न्हाई तिनं. मातीत गहू टाकत राह्यली.

ताई, पंधरा वर्साच्या पोरीला साडी कशाला. साडी कवा देत्यात ते मला माहीत हाय.

म्हणून त्याच दिशी मी उठून गेले ठान्याला. पण सासूबाई आल्या अन ह्यांचे चुलते बी आले. सासूबाईनं हिरवी साडी नेसली होती, त्यानंच दिलेली, तिच्याजवळ तीच चांगली. तिघंजन एका बाकड्यावर, मी मधी. बाई पोलीस नव्हती, बंदोबस्ताला गेल्ती. जमादार म्हन्ला, सांगा, काय काय केलं? चुलतसासऱ्यानं खाकरलं अन खाली पाहिलं. माह्या तोंडून तेवढंच निघालं जेवढं तुला लिवलं. बोल्ला, मागं लागला. उमाचं तर नाव बी काढलं न्हाई. तिनं काही सांगितलं न्हाई, मंग मी काय सांगू.

जमादारानं वाचून दाखवलं. मी सही केली.

तृप्ती


नवीन जालना
४ ऑक्टोबर २०२२

तृप्ती,

चौदा दिवस झाले गं. मॅडमनी तारीख पाहिली अन कागद खाली ठेवला. म्हणाल्या, नुसतं बोलणं असंल तर चौदा दिवस उशीर झाला. उशिराच्या माफीचा अर्ज करता येतो, पण मंजूर होईलच असं नाही.

मी तुला रागावणार नाही. त्या दिवशी मी बी चहा पिऊन निघून आले. ओट्यावर बसून राहायला पाहिजे होतं. चहा नको म्हणायला पाहिजे होतं. ते मला रोज आठवतं.

एक विचारते. तुझी पहिली चिठ्ठी मी परत काढली. त्यात तू लिवलंय, त्याच्या मनगटावर वण आहे अन तू राखी त्याच्यावरच बांधती. बोलल्यानं वण पडत नाही तृप्ती.

दीपाताई


कुंभार पिंपळगाव
२० डिसेंबर २०२२

दीपाताई,

तुही चिठ्ठी मी अडीच महिने पिठाच्या डब्याखाली ठेवली. रोज भाकरी करताना दिसायची.

तो वण माह्या दातांचा हाय.

त्यानं दोरा घ्यायला खताच्या खोलीत बोलावलं अन आतून कडी लावली. जबरदस्ती केली. पुढचं मी लिवत न्हाई. मी चावले, हाताला, लई जोरात, तोंडात रगत आलं. त्यानं हात झटकला तवा कडी काढून पळाले. चोळी फाटली होती, ती मी चुलीत घातली. आईला सांगितलं फक्त बोल्ला. आई म्हन्ली होती, देवा, फक्त बोल्लाच ना? तिचं तोंड पाहून मी म्हन्ले हो. तवापासून मी तेच सांगत आले. पंचाला तेच, ह्यांना तेच, तुला तेच, पोलिसाला तेच. मंग मलाच कधी कधी वाटायचं का तेवढंच झालं.

मी राखी वणावर बांधायची ते लपवायला न्हाई. म्हंजे लपवायला बी. पण गाठ मारताना मी जोरात आवळायची. तेवढंच माहं.

ह्यांना आधी सांगितलं. चार दिस झाले. उठून रानात गेले, दोन दिस माह्याशी बोलले न्हाईत. मी स्वराचे कपडे एका पिशवीत भरून ठेवले, म्हन्ले हाकललं तर पोरीला घेऊनच निघीन, एसटी स्टँडवर उभी राहनार न्हाई. तिसऱ्या दिशी ते आले. पिशवी पाहिली. म्हन्ले, "हे काय?" मी म्हन्ले काही न्हाई. त्यांनी एकेक कपडा काढून परत दोरीवर टाकला. वाळलेलेच होते सगळे.

आता मी परत जबाब द्यायला तयार हाय. एकटी बसून.

तृप्ती


नवीन जालना
२४ जून २०२५

तृप्ती,

अडीच वर्षं आपण तारखेला भेटत राहिलो म्हणून चिठ्ठीची गरज पडली नाही. काल निकाल लागला, स्वराला ताप होता म्हणून तू आली नाहीस. फोनवर हे सांगवेना. कल्याणरावांनी बी फक्त "सुटला" एवढंच सांगितलं असंल. पूर्ण लिवते, सावकाश वाच.

त्याच्यावर दोन्ही कलमं होती. मोठं, जबरदस्तीचं, तुझ्या दुसऱ्या जबाबावरून लागलं. छोटं, पहिल्या तक्रारीवरून. मोठ्याबद्दल जजसाहेब म्हणाले, पहिल्या तक्रारीत याचा शब्द नाही, तीन महिन्यांनी आलं, चोळी नाही, अन वण तो म्हणतो तसा विळ्याचा का दातांचा हे डॉक्टरला इतक्या वर्षांनी सांगता येत नाही. काकासाहेबाच्या वकिलानं राखीचा फोटो दाखवला होता ना, तू ओवाळताना, तोंडात पेढा. तो बी निकालात लिवलाय. शंकेचा फायदा म्हणून मोठ्यातून सोडला.

मंग सरकारी वकील उभे राहिले. म्हणाले, मोठं शाबीत नसंल तर निदान छोट्यात तरी शिक्षा द्या, कायद्यात तशी सोय आहे. साहेब म्हणाले, हो, सोय आहे. अन पुढं म्हणाले, ह्या बाईच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे, आरोपी तिच्याशी वाईट वागला हे खरं वाटतं. तृप्ती, हे मी माझ्या कानानं ऐकलं. भर कोर्टात म्हणाले.

पण छोट्याची मुदत तक्रारीच्या चौदा दिवस आधी संपली होती. म्हणून छोट्यातून बी सोडला.

तो पेढे वाटून गेला.

मॅडम म्हणतात हे चूक झालं. दोन्ही कलमं संग चालली तर मुदत मोठ्यावरून धरायची असते, छोट्यावरून नाही. वरच्या कोर्टात अपील करायला लावू म्हणतात. होईल का माहीत नाही, किती वर्षं लागतील माहीत नाही. तू हो म्हणाली तर.

तू पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर मुदतीचा प्रश्नच नव्हता. अन थोडंच सांगायचं होतं तर चौदा दिवस आधी सांगितलं असतं तरी झालं असतं. हे मी तुला टोचायला लिवत नाही. मला झोप येत नाही म्हणून लिवते.

दीपाताई


कुंभार पिंपळगाव
१७ ऑगस्ट २०२५

दीपाताई,

तुही चिठ्ठी वाचली. साहेब विश्वास हाय म्हन्ले तिथं मी थांबले. पुढचं दुसऱ्या दिशी वाचलं.

अपीलाला हो म्हन. पण आता आधी दुसरं सांगते.

राखीला उमा माह्याकडं आल्ती. अन काकासाहेब बी आला. खरं सांगते, निकाल लागल्यावर दीड महिन्यानं साडी घेऊन दारात. पांढरे कपडे, संग दोन मानसं. म्हन्ला, "झालं गेलं इसरा. मी मनात काही ठेवलं न्हाई. बहीण ती बहीणच." हे रानात होते.  स्वरा माह्या लुगड्याला धरून उभी.

सासूबाई चुलीपासून उठल्या. मला वाटलं आता ताट करत्यात. त्यांनी दारात येऊन त्याला पाहिलं, खालून वरपर्यंत. म्हन्ल्या, "बाहेरच थांबा." पाणी दिलं न्हाई. दारी आलेल्या कुत्र्याला बी पाणी ठेवनारी बाई हाय ती. मंग आत जाऊन त्या तिन्ही साड्या घेऊन आल्या, धुतलेल्या, घड्या केलेल्या, अन ओट्यावर त्याच्या पायापाशी ठेवल्या. हिरवी सगळ्यात वर. म्हन्ल्या, "मी नेसल्या. ते पंधरा दिस बी माह्याच हातून गेले. ह्या घेऊन जा." तो काहीतरी बोल्ला. त्या म्हन्ल्या, "औंदा पित्तर आडवे येनार न्हाईत. इथून हल."

नंतर चुलीपुढं बसून लई वेळ राख उकरत बसल्या.   

उमा मधल्या खोलीत होती. सगळं ऐकलं तिनं. पोरगी तीन साल झाले बोलत न्हाई धड, शाळा सोडली, प्लाट बी सोडला, बाबा म्हनत्यात आळशी झाली. ती आली अन माह्या शेजारी बसली. म्हन्ली, "ताई, तुहे चौदा दिवस गेले."

मी म्हन्ले, हो.

म्हन्ली, "माहे किती गेले?"

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पहिल्यांदा माह्याकडं पाहिलं होतं, ताई, घट बसले होते त्या दिसापासून पहिल्यांदा. मी काही इचारलं न्हाई. तुला फोन लावला, ह्यांच्या फोनवरून, सासूबाईच्या समोर. तूच सांगितलं का ती तवा पंधराची होती, पोरीबाळीच्या कायद्यात तसल्या गुन्ह्याला मुदत न्हाई, कवाबी सांगता येतं. मी तिला सांगितलं. ती म्हन्ली, "सगळं सांगावं लागंल?" मी म्हन्ले, "सगळं. पहिल्याच दिशी. माह्यावानी करू नको."

गुरुवारी गेलो ठान्याला. बाबा आले होते, पागोटं घालून. अन ते चुलतसासरे. म्हन्ले आम्ही बसतो आत, पोरीला धीर येईन. बाई पोलीस होती औंदा, ती म्हन्ली घरचं कुणी बसायचं असंल तर एकीनं बसा. मी उमाला इचारलं, मी येऊ का? तिनं मान हलवली, नको.

मंग मी तिला आत धाडलं, दार लावलं अन दाराला पाठ लावून बसले. बाबा म्हन्ले, "सरक, मी बाप हाय तिचा." मी म्हन्ले, "म्हणूनच."

अडीच घंटे लागले. मला पंधरा मिनिटं लागली होती.

आतून आवाज येत नव्हता. ऐकाया बी गेले न्हाई. स्वरा माह्या मांडीवर निजली, पायाला मुंग्या आल्या, तरी उठले न्हाई. माह्या वेळेला ह्या दारापुढं असं कुणीतरी बसायला पाहिजे होतं, एवढंच मनात येत राह्यलं.

तुही तृप्ती